उणे ०.७ चं अधिक १.४ कसं झालं

२००२ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रूस विलिकी आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. २० अंश उत्तर ते २० अंश दक्षिण हा उष्ण कटिबंधाचा पट्टा १९८० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात कसा बदलला, ते त्यात एका उपग्रहाच्या नोंदींवरून तीन आकड्यांत सांगितलं होतं. पट्ट्यातून अवकाशात जाणारी उष्णता ३.१ ने वाढली. परत फेकलं जाणारं ऊन २.४ ने घटलं. निव्वळ शिल्लक ०.७ ने कमी झाली. एकक तिन्हींचं एकच, दर चौरस मीटरला वॉट.

२००६ मध्ये ताकमेंग वाँग यांचा निबंध आला. सहलेखकांत विलिकी होतेच. उपग्रह तोच, पट्टा तोच, मूळ नोंदीही त्याच. आकडे मात्र ०.७, उणे २.१ आणि अधिक १.४.

शिल्लक उण्यातून अधिकात गेली. पहिल्या हिशोबात हा पट्टा तोट्याकडे सरकला होता, दुसऱ्यात नफ्याकडे. कोणी लबाडी केली नव्हती, उपकरण बिघडून बंदही पडलं नव्हतं. पंधरा वर्षांत उपग्रह २६ किलोमीटर खाली आला होता आणि ती घसरण आकडेमोडीत धरायची राहिली होती, एवढंच. अकरावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी हे प्रकरण दरवर्षी फळ्यावर घेतो, कारण त्यातला निम्मा हिशोब मुलांना स्वतः करता येतो.

जमाखर्च

सूर्याकडून पृथ्वीच्या अंतरावर, किरणांना काटकोनात धरलेल्या दर चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॉट येतात. पृथ्वी गोल आहे आणि अर्धी कायम अंधारात असते, म्हणून त्याला चारने भागायचं. उरतात ३४०. त्यातले साधारण १०० वॉट ढग, बर्फ, वाळू आणि हवा जसेच्या तसे परत फेकतात. ही लघुतरंगांची बाजू, आपल्या डोळ्यांना दिसणारी. बाकीचे २४० पृथ्वी शोषते आणि अवरक्त उष्णतेच्या रूपात परत अवकाशात सोडते. ही दीर्घतरंगांची बाजू. येणं आणि जाणं तंतोतंत जुळलं तर हवामान स्थिर राहील.

ते जुळत नाही, पण तफावत एक वॉटच्या आसपासच आहे. ३४० रुपयांच्या उलाढालीत रुपयाभराची शिल्लक, आणि ती शोधायला दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून वजाबाकी करायची. ज्याने कधी रोकडवही जुळवली आहे त्याला कळेल की चूक मोठ्या रकमांत लपते आणि दिसते ती शिल्लकेत.

शिल्लक बारीक आहे म्हणून क्षुल्लक नाही. पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. दर चौरस मीटरला एक वॉट म्हणजे ५१० टेरावॉट. माणसं जगभरात कोळसा, तेल, वायू, अणू, धरणं सगळं मिळून जेवढी ऊर्जा वापरतात, ती २० टेरावॉटच्या आतबाहेर आहे.

उन्हात धरलेलं पॅनेल

या प्रकरणातला उपग्रह म्हणजे नासाचा ‘अर्थ रेडिएशन बजेट सॅटेलाइट’, थोडक्यात ईआरबीएस. ५ ऑक्टोबर १९८४ रोजी चॅलेंजर शटल त्याला घेऊन वर गेलं. शटलचा यांत्रिक हात सॅली राइड चालवत होत्या. उपग्रह हाताच्या टोकाला धरून बाहेर काढला आणि त्याचं एक सौर पॅनेल उघडेना. बिजागरी थंडीने गोठली असावी असा कयास. राइड यांनी त्या अडीच टनी उपग्रहाला यांत्रिक हाताने हलवून पाहिलं, मग तो फिरवून अडकलेली बाजू उन्हात धरली. थोड्या वेळाने पॅनेल उघडलं. उन्हाचा हिशोब मांडायला निघालेल्या उपग्रहाचं पहिलं दुखणं उन्हानेच बरं केलं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

त्याच्याकडून दोन वर्षांच्या कामाची अपेक्षा होती. तो २००५ पर्यंत चालला. कक्षा विषुववृत्ताशी ५७ अंश कललेली आणि उंची सुमारे ६१० किलोमीटर. ही कक्षा स्वतःही हळूहळू वळत असे, त्यामुळे एकाच ठिकाणावरून तो कधी सकाळी, कधी दुपारी, कधी मध्यरात्री जाई. दुपारी तीनचे ढग आणि पहाटेचे ढग यांत किती फरक असतो ते पावसाळ्यात घाटमाथ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. रोज एकाच वेळी जाणाऱ्या उपग्रहाला तो फरक दिसत नाही.

प्रारण, म्हणजे पृथ्वीकडून येणारं ऊन आणि उष्णता, मोजायला त्यावर दोन प्रकारची उपकरणं होती, आणि पुढचं सगळं रामायण या दोघांतल्या फरकाने घडलं आहे.

पहिलं स्कॅनर. अरुंद नजरेने जमिनीचा छोटासा तुकडा बघत इकडून तिकडे झाडू फिरवल्यासारखं फिरणारं. दुसरं रुंद नजरेचं, न हलणारं. ते पृथ्वीच्या एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत सगळं एकदम डोळ्यांत घेई.

चुलीत निखारे फुलले आहेत आणि तुम्ही फुंकणीच्या नळीतून त्यांच्याकडे बघता आहात असं समजा. हातभर अंतरावरून बघा की दोन हातांवरून, नळीत निखाराच भरलेला असेल तोवर तो तेवढाच लाल दिसेल. दूर गेल्यावर प्रकाश कमी पोचतो खरा, पण नळीत मावणारी जागा त्याच प्रमाणात वाढते. हे स्कॅनर. आता फुंकणी ठेवा आणि उघडा तळवा चुलीपुढे धरा. दोन बोटं पुढे सरकवला तरी चटका वाढतो. हे रुंद नजरेचं उपकरण. अंतर बदललं की त्याचं वाचन बदलतं, निखारा बदललेला नसला तरी.

स्कॅनरने पाच वर्षं उत्तम काम केलं. ढग पृथ्वीला गार करतात की गरम, हा जुना वाद त्याच्या नोंदींनी मिटवला. तमिळनाडूत जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की ढग ऊन परत फेकून सुमारे ४४ वॉटची थंडी आणतात, उष्णता अडवून ३१ वॉटची ऊब देतात, म्हणजे एकंदरीत १३ वॉटने गार करतात. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९० मध्ये, स्कॅनर बंद पडलं.

मागे उरला तो उघडा तळवा. अंतराला हळवं असलेलंच उपकरण पुढची नोंद सांभाळायला एकटं राहिलं.

१९९१ ते २००२

त्या एकट्यानेही मोठं काम केलं. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात गेला. त्यातून तयार झालेल्या बारीक थेंबांच्या पडद्याने ऊन परत फेकायला सुरुवात केली, आणि ते जास्तीचं परतणारं ऊन ईआरबीएसच्या रुंद नजरेत स्पष्ट दिसलं. पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंशाने उतरलं. जमाखर्चातली नोंद आधी आणि तापमान मागाहून, असा क्रम इतका स्वच्छ क्वचितच बघायला मिळतो.

पण पिनाटुबोचा पडदा विरल्यावरही १९९० च्या दशकातले आकडे १९८० च्या दशकातल्या पातळीवर परत आले नाहीत. दीर्घतरंगांची रेघ वर चढत राहिली, लघुतरंगांची खाली. २००२ च्या निबंधाचा गाभा हा. ढग कमी झाले की ऊन कमी परततं आणि उष्णता जास्त निसटते, त्यामुळे दोन्ही बदल मिळून कमी ढगाळ उष्ण कटिबंधाचं चित्र उभं राहत होतं. त्याच अंकात जुन्ये चेन आणि सहकाऱ्यांचा जोडनिबंध होता. उष्ण कटिबंधातलं हवेचं मोठं अभिसरण त्या दशकात जोरदार झालं, त्याने जिथे हवा खाली उतरते ते भाग कोरडे पडले, असं त्याचं म्हणणं. आणि तेव्हाची हवामानाची संगणकी प्रारूपं इतका बदल दाखवतच नव्हती. म्हणजे प्रारूपांत ढग नीट नाहीत, असा सरळ निष्कर्ष.

निष्कर्ष आकर्षक होता आणि अर्धा बरोबरही होता. प्रारूपांत ढग आजही पुरते नीट नाहीत.

फळ्यावरचा हिशोब

६०० किलोमीटरवर हवा जवळजवळ नसते. ‘जवळजवळ’ या शब्दात सगळं आलं. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या यंत्राला तेवढी विरळ हवाही मागे ओढते. सूर्यावर डागांचा जोर असला की वरचं वातावरण तापून फुगतं आणि ओढ वाढते. १९८९ ते ९१ ही अशीच वर्षं होती. ईआरबीएस पंधरा वर्षांत ६११ किलोमीटरवरून ५८५ वर आला. सरासरी काढली तर दिवसाला पाच मीटरही नाही.

पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर घ्या. केंद्रापासून उपग्रहाचं अंतर सुरुवातीला ६९८२, शेवटी ६९५६. रुंद नजरेच्या उपकरणावर पडणारी ऊर्जा या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दोन्ही आकड्यांचा भागाकार करून वर्ग करा. १.००७५ येतं. पाऊण टक्का.

पाऊण टक्का ऐकून वर्गातली मुलं हसतात. मग मी त्यांना उष्ण कटिबंधातून जाणारी उष्णता साधारण २५० वॉट आहे हे सांगतो आणि पाऊण टक्का काढायला लावतो. १.९ येतं. ज्या शोधाचा आकडा ३.१ होता त्यातले जवळपास दोन वॉट, ढगाचं एक टिपूसही न हलता, निव्वळ तळवा चुलीजवळ सरकल्याने दिसू शकत होते.

प्रत्यक्ष दुरुस्ती थोडी कमी निघाली, कारण तुलना पहिल्या दिवसाची शेवटच्या दिवसाशी नव्हती, दोन कालखंडांच्या सरासरींची होती. दीर्घतरंगांचा बदल ३.१ वरून १.६ वर आला, म्हणजे दीड वॉट गळाले. लघुतरंगांचा बदल उणे २.४ वरून उणे ३.० झाला, कारण जवळ आल्याने परतणारं ऊनही खोटंच जास्त दिसत होतं आणि खरी घट त्याखाली झाकली गेली होती. तिथे फरक ०.६ चा. आता दीड आणि ०.६ यांचं गुणोत्तर बघा. २५० आणि १०० यांचंही तेच. दोन्ही बाजूंना एकाच टक्क्याने कात्री लागली आहे, आणि ढग बदलले म्हणून असं होत नाही. हे गुणोत्तर फळ्यावर जुळतं तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

एका मुलीने विचारलं होतं, “सर, उपग्रह किती उंचीवर आहे हे त्यांना माहीतच नव्हतं का?” प्रश्न नेमका होता. माहीत होतं. तो कुठे आहे याची नोंद रोज होत होती. उपग्रहाच्या उंचीवर मोजलेला आकडा वातावरणाच्या माथ्यावर उतरवून आणण्याच्या गणितात मात्र उंची कायम धरलेली होती. दोन वर्षांच्या मोहिमेसाठी ते अगदी योग्य होतं. उपग्रहाने दोनाचे वीस वर्षं काम केलं आणि गणित जुनंच राहिलं.

मला यात आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कक्षेच्या घसरणीने नोंद बिघडते हा धडा १९९८ मध्येच मिळाला होता. उपग्रहांवरून काढलेल्या वातावरणाच्या तापमानात याच कारणाने खोटी थंडी शिरली आहे, असं फ्रँक वेंट्झ आणि मथायस शाबेल यांनी तेव्हा दाखवलं होतं. शेजारच्या घरी चोरी झाली की आपण आपलं कुलूप तपासतो. इथे तपासायला बरीच वर्षं गेली.

काचेच्या घुमटाची बाजू

उंचीची दुरुस्ती करून तपासणी चालू असताना आणखी एक बारीक गळती सापडली. आधीच्यापेक्षा ही मला जास्त आवडते.

रुंद नजरेच्या उपकरणात दोन मुख्य खिडक्या होत्या. एक उघडी, ती सगळंच मोजे. दुसरीवर सिलिकाच्या काचेचा घुमट, त्यातून फक्त लघुतरंग आत येत. दीर्घतरंग थेट मोजलेच जात नव्हते. एकूणातून लघुतरंग वजा करायचे, उरले ते दीर्घतरंग. रात्री ऊन नसतं, त्यामुळे एकूण म्हणजेच दीर्घतरंग.

यातच चोर पकडायची जागा आहे. घुमटाची बाजू वर्षानुवर्षं मंद होत गेली तर ऊन कमी मोजलं जाईल आणि तेवढीच रक्कम दिवसाच्या दीर्घतरंगांत फुगून दिसेल. रात्रीच्या आकड्याला मात्र काहीच होणार नाही. दिवस आणि रात्र यांच्या दीर्घतरंगांतलं अंतर कारण नसताना वाढत गेलं की घुमटाकडे बोट दाखवायचं.

ही दुरुस्ती केल्यावर लघुतरंगांचा बदल उणे ३.० वरून उणे २.१ वर आला आणि दीर्घतरंगांचा १.६ वरून ०.७ वर. दोन्हीकडे ०.९. निव्वळ शिल्लक १.४ होती ती १.४ च राहिली, कारण शिल्लक काढायला उघडी खिडकीच पुरते: आलेलं ऊन वजा एकूण गेलेलं. घुमटाच्या चुकीने पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले होते, वहीबाहेर गेले नव्हते. उंचीच्या चुकीने मात्र एकूणच फुगवलं होतं, म्हणून तिने चिन्ह उलटवलं.

समुद्राची साक्ष

इतक्या दुरुस्त्यांनंतर कोणी म्हणेल की आकडे हवे तसे वळवले. म्हणून या हिशोबाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा होता. पृथ्वीच्या शिलकेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता शेवटी महासागरात जाते. तिथल्या पाण्यात किती उष्णता साठली, हे पाण्यात सोडलेल्या तापमापकांवरून आणि समुद्राची पातळी मोजणाऱ्या उपग्रहांवरून काढता येतं. त्या मंडळींना ईआरबीएसच्या उंचीशी काही देणंघेणं नव्हतं.

१९९३ ते १९९९ या वर्षांच्या दोन्ही नोंदी वाँग यांच्या निबंधात एकमेकींवर ठेवल्या आहेत. दोन्हींत वर्षावर्षाला सुमारे दीड वॉटचे चढउतार दिसतात आणि ते बरोबरीने होतात. खालून मोजलेलं पाणी आणि वरून मोजलेलं ऊन एकच कहाणी सांगत होतं.

दहा वर्षांच्या फरकावर मी अजूनही थोडा हात राखून विश्वास ठेवतो. लघुतरंगांतली २.१ ची घट आणि १.४ ची वाढलेली शिल्लक टिकली, म्हणजे ढग कमी झाल्याचा संशय पुरता गेला नाही. दीर्घतरंगांचा गाजलेला आकडा मात्र पावभरही उरला नाही, आणि प्रारूपांवरच्या आरोपाची धार तितकीच बोथट झाली. २००२ चा निबंध मागे घ्यावा लागला नाही, घ्यायला हवा होता असंही मला वाटत नाही. ज्यांनी आकडा दिला त्यांनीच तो फिरवला आणि कुठल्या दुरुस्तीने किती फिरला हे एकेक करून लिहिलं. जुना, मधला आणि नवा अशा तिन्ही ओळी छापल्या नसत्या तर वरचा गुणोत्तराचा हिशोब माझ्या वर्गात कोणाला करता आला नसता.

नंतरची उपकरणं

पुढच्या पिढीचं उपकरण सेरेस. ते १९९७ मध्ये टीआरएमएमवर, १९९९ च्या डिसेंबरात टेरावर, २००२ मध्ये अ‍ॅक्वावर आणि नंतर आणखी दोन उपग्रहांवर गेलं. ते स्कॅनर आहे, फुंकणीवालं, त्यामुळे उंचीचा हा जुना रोग त्याला होत नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे. दोन्ही बाजू जशाच्या तशा वजा केल्या तर शिल्लक चार वॉटच्या पुढे येते, जी अशक्य आहे. म्हणून एकूण पातळी समुद्राच्या उष्णतेवरून बसवतात: जुलै २००५ ते जून २०१५ या काळासाठी ०.७१ वॉट. पातळी समुद्राकडून उसनी, पण वर्षागणिक होणारा बदल सेरेसचा स्वतःचा आणि भरवशाचा. त्याच बदलावरून नॉर्मन लोएब आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की पृथ्वीची शिल्लक २००५ ते २०१९ या काळात अंदाजे दुप्पट झाली, आणि समुद्राची स्वतंत्र नोंदही तेच म्हणते.

भारतानेही या वहीत काही पानं लिहिली आहेत. १२ ऑक्टोबर २०११ ला श्रीहरिकोटाहून गेलेला मेघा-ट्रॉपिक्स, इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा जोड उपग्रह, स्काराब नावाचं प्रारण मोजणारं स्कॅनर घेऊन विषुववृत्ताशी फक्त २० अंश कललेल्या कक्षेत फिरत होता. म्हणजे नेमका २००२ च्या निबंधातला पट्टा, आणि एकाच जागेवरून दिवसातून अनेक फेऱ्या. ७ मार्च २०२३ ला इस्रोने त्याला ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला.

ईआरबीएसला असं उतरवून घेणारं कोणी नव्हतं. २००५ मध्ये बंद केल्यावर तो तसाच घसरत राहिला, आधी दिवसाला काही मीटर, मग झपाट्याने, आणि ८ जानेवारी २०२३ च्या रात्री बेरिंग समुद्रावर वातावरणात शिरून जळाला. टेरा आणि अ‍ॅक्वाचं इंधनही आता संपत आलं आहे. त्यांनी आपल्या ठरलेल्या कक्षा सोडल्या आहेत आणि विषुववृत्त ओलांडायची त्यांची वेळ दरवर्षी थोडी सरकते आहे. फुंकणीला उंचीची चिंता नसली तरी सरकणारी वेळ म्हणजे दुपारऐवजी सकाळचे ढग, किंवा उलट. ते या वेळी आकडेमोडीत आधीपासून धरलेलं आहे.